पॅरासिटामॉल घ्या आणि वाट पाहा

नेदरलँड्सला आलेला मराठी माणूस पहिल्या हिवाळ्यात इथल्या डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडतोच. ताप असो की खोकला, ‘हाउसआर्ट्स’, म्हणजे फॅमिली डॉक्टर, सांगणार एकच: पॅरासिटामॉल घ्या, वाट पाहा. मग देशातून आणलेली अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची स्ट्रिप बॅगेतून बाहेर निघते.

पण हा निव्वळ चिक्कूपणा नाही. खोकला लांबला आणि न्यूमोनियाची शंका आली की बोटाला टोचून रक्ताच्या थेंबावर सीआरपी, म्हणजे जंतुसंसर्गात वाढणारं रक्तातलं प्रथिन, बघतात. काही मिनिटांत आकडा येतो. २०च्या आत असेल तर सहसा अँटिबायोटिक नाही, १००च्या वर असेल तर द्यायचं. मधल्यांचं डॉक्टर तब्येत बघून ठरवतात.

घरच्या ग्रुपवर सध्या वेगळाच वाद रंगलाय. केरळने २०२४मध्ये चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांवर छापे घातले, तसे महाराष्ट्रातही घाला, असं बहुतेकांचं म्हणणं. घाला की! फक्त इथली शिस्त कशाच्या जोरावर चालते तेही बघा. हाउसआर्ट्सकडे गेलं की खिशाला चाट बसत नाही, बरं वाटलं नाही तर परत जाता येतं, नोकरदाराला आजारपणाची पगारी रजा असते. तासगावकडे द्राक्षबागेत रोजाने जाणाऱ्या बाईला ‘वाट पाहा’ म्हणजे रोज बुडवा. ती मेडिकलवाल्याकडून दोन दिवसांच्या गोळ्या घेते आणि तिसऱ्या दिवशी कामावर जाते. तिच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात संध्याकाळी डॉक्टर आणि ही साधी तपासणी असेल, तर छाप्याला अर्थ आहे. नाहीतर दुकान बंद आणि ताप तसाच.

पुण्यातल्या माझ्या भावाला मात्र ही सूट नाही. पगारी रजा आहे, विमा आहे, तरी सर्दीच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना म्हणणार, “जरा स्ट्राँग द्या.” सर्दी विषाणूची, तिथे कुठल्याच अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. त्यात त्याचं लाडकं अझिथ्रोमायसिन जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘वॉच’ गटातलं, म्हणजे औषधाला दाद न देणारे जंतू फोफावण्याचा धोका जास्त म्हणून जपून वापरायचं. साधं अमॉक्सिसिलिन त्याला ‘जुनाट’ वाटतं.

छाप्यात हा सापडायचा नाही, कारण त्याच्याकडे चिठ्ठी असते. अँटिबायोटिक लिहिताना कारणही लिहा, अशी विनंती केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने जानेवारी २०२४मध्येच डॉक्टरांना केली आहे. भाऊ चिठ्ठीचा फोटो ग्रुपवर टाकतो. कारणाची ओळ अजून तरी दिसलेली नाही.