नीटच्या क्लासचं खरं काम रविवारच्या पेपरनंतर सुरू होतं

नीटचा क्लास कसा आहे म्हणून विचारलं की दोन उत्तरं मिळतात: फिजिक्सला सर कोण आहेत, आणि मागच्या वर्षी किती पोरं एमबीबीएसला लागली. माझ्या मते या दोन्हींवरून फारसं काही कळत नाही. रविवारी पेपर झाला की सोमवार-मंगळवारी तिथे काय चालतं ते बघा.

बहुतेक ठिकाणी पालकांच्या मोबाइलवर मेसेज जातो, ‘७२० पैकी ४१०’, आणि सोमवारी सकाळी नवा धडा सुरू. ४१० वर गाडी का अडली हे ना पोराला माहीत, ना सरांना. पुढच्या रविवारी ये रे माझ्या मागल्या.

हिशेब करून बघा. १८० प्रश्न, १८० मिनिटं, बरोबरला ४ आणि चुकलं की १ वजा. म्हणजे येत असलेला प्रश्न चुकला की ५ मार्कांचा फटका. असे २० प्रश्न गेले की १०० मार्क गेले, आणि ते परत मिळवायला एकही नवीन धडा शिकावा लागत नाही.

त्यासाठी प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे मुलाने कारण लिहायचं: संकल्पना कच्ची, प्रश्न नीट वाचला नाही, आकडेमोड, वेळ संपली, ओएमआरवर (गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर) भलताच गोल रंगवला. कारण बदललं की उपाय बदलतो. बायोलॉजीत ‘चुकीचे विधान ओळखा’ असं विचारलेलं असताना पोरगं पहिलं बरोबर विधान दिसताच गोल करून पुढे जातं. त्याला तो धडा दहादा शिकवा, मार्क वाढणार नाहीत. ‘चुकीचे’ खाली पेनने रेघ मारायची सवय लावा. फिजिक्समध्ये तारेचा व्यास दिलेला असतो, मुलं तोच त्रिज्या म्हणून घालतात. क्षेत्रफळ चौपट येतं, आणि पेपर काढणाऱ्याने ते उत्तर पर्यायांत बरोब्बर ठेवलेलं असतं!

‘मायनस मार्किंग आहे, खात्री नसेल तर सोडून द्या’ हा सरसकट सल्लाही मला पटत नाही. दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील, तर उरलेल्या दोनांत ठोकलं तरी सरासरी दीड मार्क पदरात पडतो. चारही पर्याय अनोळखी असतील तर मात्र जेमतेम पाव मार्क, त्यात वेळ घालवू नये.

शंका सोडवण्याचं गणित तर कुणी मांडतच नाही. १२० मुलांची बॅच, आठवड्याला प्रत्येकी दोनच शंका, एकेकीला ५ मिनिटं: झाले २० तास. संध्याकाळी तासभर डाउट काउंटर उघडून हे कसं भागणार? मग तीच बोलकी आठ-दहा मुलं सरांना घेरून उभी, आणि ज्यांना खरी गरज ती मागच्या बाकावर गप्प. ओएमआर स्कॅन झाल्यावर सॉफ्टवेअर प्रश्नवार रिपोर्ट देतं, तो वापरा की. बॅचमधल्या तिसेक टक्के मुलांचा जो प्रश्न चुकला तो फळ्यावर घ्यायचा, उरलेल्यांसाठी मुलांना नावानिशी बोलवायचं. पुढच्या पेपरात २५-३० प्रश्न जुन्या चुकांवर बेतलेले हवेत, नाहीतर सुधारणा झाली की नाही ते कळणार कसं?

फ्लेक्सबद्दल थोडं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार यशस्वी मुलाचा फोटो लावायला निकालानंतरची लेखी संमती लागते, आणि त्याने कोणता कोर्स केला, तो पैसे भरून होता का, हेही सांगावं लागतं. नुसती टेस्ट सिरीज लावलेला मुलगाही फ्लेक्सवर झळकू शकतो, म्हणून हे विचाराच. तसंच, मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत द्यावी, असं केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. पावतीमागे ‘फी परत मिळणार नाही’ छापलं असेल तर पैसे भरण्याआधीच बोलून घ्या.

आणि डेमो लेक्चरला बसण्यापेक्षा बारावीच्या बॅचमधल्या एखाद्या मुलाची चुकांची वही बघायला मागा. एकाच प्रकारची चूक जुलैत किती वेळा आहे आणि नोव्हेंबरात किती वेळा, एवढं मोजा.