‘८० वर ठेवा आणि विसरा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

ठाणे-नवी मुंबईतल्या होम स्टुडिओवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. गेल्या महिन्याभरात मला तो चार जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: सबवूफरचा (‘सब’, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा स्पीकर) क्रॉसओव्हर (ज्या फ्रीक्वेन्सीला सब आणि बाकीचे स्पीकर काम वाटून घेतात तो आकडा) ८० हर्ट्झवर ठेवा, जगभर तेच चालतं. बासला दिशा नसते, म्हणून सब कोपऱ्यात सरकवा. मॉनिटर (मिक्सिंगचे टेबलावरचे स्पीकर) फुल रेंजच, म्हणजे खालचे सूर न कापता, चालू द्या, कापलेत तर पैसे वाया. फेजच्या (सबची ध्वनिलाट उलटी करणाऱ्या) बटणाला हात लावू नका. लेव्हल मोबाइलवरच्या ॲपने जुळवा. झालं.

झालं नाही. ऐरोली, कळवा, कोपरखैरणे इथल्या दहा बाय अकराच्या खोल्यांत रोज हळदीची गाणी, कोळीगीतं, भजनं मिक्स होतात. ढोलकी आणि डग्गा हाच ज्या गाण्यांचा कणा, त्यांचं या सल्ल्याने थेट नुकसान होतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी तो ८० चा आकडा. तो रूढ झाला टीएचएक्स या सिनेमाच्या आवाजाची मानकं ठरवणाऱ्या कंपनीच्या होम थिएटरच्या मानकामुळे. छोटे स्पीकर, एक सब, सोफ्यावर बसलेलं कुटुंब, समोर सिनेमा. तिथे तो आकडा चोख आहे. पण तुमच्या टेबलावर काय आहे? समजा यामाहाचे एचएस५ आहेत. कंपनीच्याच कागदावर ते ७४ हर्ट्झला ३ डेसिबल खाली आलेले असतात आणि ५४ ला १० डेसिबल. म्हणजे ८० वर जोड मारली तर मॉनिटर जिथे दमायला लागतो, नेमकं तिथेच तुम्ही त्याला सबशी हात मिळवायला सांगताय. अशा पाच इंची मॉनिटरला ९० ते १०० पासून सुरुवात करावी. त्याच कंपनीचे एचएस८ असतील तर ते ४७ पर्यंत ताठ उभे असतात, तिथे ८० खुशाल ठेवा, ७० सुद्धा चालेल. आकडा मॉनिटर बघून ठरतो.

आता कोपरा. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपतो, कारण हे मी स्वतः केलंय. माझी खोली ऐरोलीत, १० बाय ११ फूट, उंची साडेनऊ. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून हिशोब केला की या तीन मापांच्या पहिल्या घुमण्याच्या फ्रीक्वेन्सी (जे सूर खोली स्वतःच फुगवते) निघतात साधारण ५१, ५६ आणि ५९ हर्ट्झ. तिन्ही एकमेकांना चिकटून. कोपऱ्यातला सब या तिघांनाही पूर्ण जोराने हलवतो. आणि माझी खुर्ची होती खोलीच्या बरोबर मधोमध, जिथे ५१ आणि ५६ जवळजवळ ऐकूच येत नाहीत. बास कमी वाटला म्हणून सब वाढवला. त्याबरोबर ८०-९० चा भागही वाढला, तो जास्त वाटला म्हणून मिक्समधून कापला. दाराशी उभी असलेली बायको म्हणत होती, खिडकीच्या काचा वाजतायत. ते हळदीचं गाणं घणसोलीत मंडपात लागलं तेव्हा ढोलकीची फक्त थाप ऐकू येत होती, धूम गायब.

‘बासला दिशा नसते’ हेही अर्धंच खरं. ८० च्या खाली दिशा कळणं अवघड, हे मान्य. पण क्रॉसओव्हर म्हणजे भिंत नव्हे, उतार आहे. ऑक्टेव्हला (फ्रीक्वेन्सी दुप्पट होते तेवढ्या अंतराला) २४ डेसिबलचा उतार असला तरी १०० वर कापलेला सब १५० ला बऱ्यापैकी बोलत असतो, आणि तिथे कान जागा ओळखतो. म्हणून सब समोरच, दोन मॉनिटरच्या मध्ये किंवा किंचित बाजूला. नेमकी जागा शोधायची तर सब खुर्चीवर ठेवा, बास गिटारचे सूर खालच्या ई पासून, म्हणजे ४१ हर्ट्झपासून, एकेक करून वाजवा आणि स्वतः जमिनीवर रांगत फिरा. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतात तिथे सब. खुर्ची समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर ठेवून सुरुवात करा, ११ फुटांत ते सव्वाचार फूट होतं.

मॉनिटर फुल रेंज ठेवण्याबद्दल एवढंच: मग ५५ ते १०० चा पट्टा दोघंही वाजवतात आणि तिथे कुठे ढीग होतो, कुठे खड्डा. वायर इंटरफेसमधून (कॉम्प्युटरचा आवाज बाहेर काढणारी पेटी) सबला, सबमधून मॉनिटरला न्या आणि लो कट (मॉनिटरकडे जाणारे खालचे सूर कापणारं बटण) चालू करा. छोट्या वूफरवरचं ओझं उतरतं आणि मधला आवाजही स्वच्छ होतो.

फेजचं बटण तर सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आहे. सब कानापासून मॉनिटरपेक्षा चार फूट लांब असेल तर त्याचा आवाज साडेतीन मिलिसेकंद उशिरा येतो. ९० हर्ट्झची एक फेरी ११ मिलिसेकंदांची, म्हणजे तिसरा हिस्सा हुकला. क्रॉसओव्हरच्याच फ्रीक्वेन्सीचा साधा सूर लावा, खुर्चीत बसा, दुसऱ्याला बटण ० वरून १८० वर करायला सांगा. ज्या स्थितीत सूर मोठा, ती स्थिती बरोबर. मग डग्ग्याचा एकच ‘घे’ लावा, मनगट दाबत सूर वर चढवलेला. तो सूर याच पट्ट्यातून सरकत जातो. मध्येच बुडाला किंवा फुगला तर जोड अजून बसलेली नाही, सब वीतभर हलवून पुन्हा ऐका.

ॲपची अडचण अशी की बहुतेक ॲप ए-वेटिंगवर (खालचे सूर कमी धरणारी मोजण्याची पद्धत) मोजतात, आणि त्यात ६३ हर्ट्झ तब्बल २६ डेसिबलने कमी दिसतो. त्यावर विसंबून सब जुळवणारा तो चढवतच जाणार. निदान सी-वेटिंग निवडा, त्यात खालचे सूर फारसे कमी होत नाहीत. खरं तर रूम ईक्यू विझार्ड हे खोलीतला आवाज मोजणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, मोजायचा माईक तेवढा लागतो. माझ्याकडे आहे. ग्रुपवर कुणाला हवा असेल तर शनिवारी न्या, सोमवारी परत द्या.