प्लेट मारल्यावर नक्की काय सुधारलं?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ईजीआर, म्हणजे एक्झॉस्टचा जळका वायू थोडा परत इंजिनात सोडणारी यंत्रणा, बंद करू नका हा माझा लेखातला सल्ला पुस्तकी आहे. तुम्ही दोन वर्षांपूर्वी आपल्या डिझेल गाडीच्या ईजीआरला प्लेट मारलीत, म्हणजे त्याची वाट पत्र्याने बंद केलीत, तेव्हापासून पिकअप सुधारला, काळा धूर थांबला आणि इंजिनाला काहीही झालं नाही. शेवटी एक टोलाही हाणलात, की ज्याने कधी मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारी नळ्यांची जोडणी) उघडून पाहिला नाही त्याने सल्ले देऊ नयेत.

मॅनिफोल्ड उघडून पाहिलाय हो. काजळी आणि इंजिनाच्या खालच्या भागातून (क्रँककेसमधून) येणारी तेलाची वाफ मिळून आत जो डांबरासारखा थर बसतो, तो खरवडल्यावर नखं आठवडाभर काळी राहतात. तेव्हा तुमचा वैताग मला कळतो.

आणि तुमचा एक वार बरोबर बसलाय. ईजीआर बंद केला की इंजिन तापून इंजिनाचे व्हॉल्व्ह जळतात, असं मी लिहिलं होतं. डिझेलच्या बाबतीत ते चूक आहे. पूर्ण ताकदीने गाडी पळवताना ईजीआर बहुतेक इंजिनांत तसाही मिटलेला असतो, आणि सगळ्यात जास्त उष्णता तेव्हाच असते. तेवढी सोसायलाच इंजिन बनवलेलं असतं. ते वाक्य लेखातून आज काढतो.

पण हीच गोष्ट आता तुमच्यावर उलटते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर ईजीआरचा जो व्हॉल्व्ह आपणहून मिटतो, तो प्लेटने बंद करून जास्तीची ताकद येणार कुठून? तुमचा पिकअप सुधारला हे मी खोटं म्हणत नाही. माझा तर्क असा, की तुमचा व्हॉल्व्ह काजळीने अर्धवट उघडा अडकला होता. तुम्ही पाय दाबायचात, इंजिनाला ताजी हवा हवी असायची, आणि तिच्या जागी जळका वायू घुसायचा. म्हणून गाडी मरगळलेली, म्हणून काळा धूर. प्लेटने ते थांबलं. नळ गळतो म्हणून पाण्याची मुख्य लाईनच तोडली तर गळती थांबतेच की! तुम्ही तुलना केलीत ती बिघडलेला ईजीआर आणि बंद ईजीआर यांची. साफ केलेला ईजीआर त्या तुलनेत आलाच नाही.

आता धुराचं. चालू असलेला ईजीआर बंद केला तरी डिझेलची काजळी कमी होते, हे खरंच आहे, कारण आत ऑक्सिजन जास्त जातो. वाढतं ते डोळ्यांना दिसत नाही. हवेतला नायट्रोजन एरवी कुणाच्या वाटेला जात नाही, पण ज्वाला साधारण 1500 अंश सेल्सिअसच्या वर गेली की तो ऑक्सिजनशी झपाट्याने जुळायला लागतो आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. ईजीआर परत आत सोडतो त्या वायूत ऑक्सिजन कमी असतो, आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ बरीच उष्णता शोषून घेतात. त्यामुळे ज्वालेचं कमाल तापमान खाली येतं. हलक्या भारावर डिझेल इंजिनात जाणाऱ्या एकूण वायूत निम्म्यापर्यंत हा जळका वायू असू शकतो, म्हणजे प्रकरण किरकोळ नाही. काजळी दाबली की नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, ते दाबले की काजळी वाढते. डिझेल इंजिन बनवणाऱ्यांची ही जुनी डोकेदुखी आहे, आणि प्लेट मारून तुम्ही तराजूचं एक पारडं सोडून दिलंत. यातला नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिका चुरचुरवतो, आणि उन्हात यांच्यापासून जमिनीलगतचा ओझोन बनतो.

2015 मध्ये फोक्सवॅगनचं जे प्रकरण उघडकीला आलं ते याच वायूंचं. चाचणीत गाडी शहाण्यासारखी वागायची, रस्त्यावर मात्र मर्यादेच्या 40 पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड सोडायची. त्या गाड्यांच्या मागे उभं राहून कुणालाही काही दिसलं नव्हतं.

तुम्ही मांडला नाहीत असा तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच मांडतो. 2018 मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना आगी लागल्या. ईजीआर कूलरमधून (जळका वायू थंड करणाऱ्या भागातून) गळलेलं कूलंट काजळीत मिसळून साचलं आणि पेटलं. म्हणजे ईजीआर हा काही निरुपद्रवी जीव नाही. कूलंटची पातळी कारण नसताना उतरत असेल तर कूलर तपासलाच पाहिजे. फक्त, तिथेही इलाज झाला तो सदोष कूलर बदलण्याचा.

तुमचं वाचून कुणी पेट्रोल गाडीला प्लेट मारायला निघाला असेल तर थांबा. ईजीआर असलेल्या पेट्रोल इंजिनाचं इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, तो वायू आत येणार हे धरूनच थोडं लवकरचं ठेवलेलं असतं. वायू आला नाही की मध्यम वेगावर नॉकिंग (इंधन अवेळी भडकून होणारी खटखट) सुरू होऊ शकतं. शिवाय थ्रॉटल (हवेची झडप) थोडा जास्त मिटावा लागतो, इंजिनाला हवा ओढायला जास्त कष्ट पडतात आणि मायलेज घटतं. इथे नुकसान थेट मालकाचंच.

राहिला ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक. त्याला एअर फ्लो सेन्सरवरून कळतं की हवा हिशेबापेक्षा जास्त येतेय, मग चेक इंजिनचा दिवा आणि पी०४०१ कोड, म्हणजे ईजीआरचा वायू कमी येतोय असा इशारा. तुमचा दिवा लागत नाही म्हणता, म्हणजे एक तर गाडी जुन्या धाटणीची आहे किंवा कुणीतरी सॉफ्टवेअरमध्ये तो कोड झाकून दिलाय. दुसरं असेल तर मला जास्त काळजी वाटते, कारण ईजीआरसोबत आणखी कोणकोणते इशारे गप्प केलेत ते तो माणूसच जाणे.

एक विचारतो. प्लेट मारण्याआधी व्हॉल्व्ह काढून साफ केला होता का? नसेल तर एकदा तो आणि मॅनिफोल्ड दोन्ही स्वच्छ करून, प्लेट काढून, महिनाभर चालवून बघा. आणि साफ केल्यावरही गाडी मरगळलेलीच वाटली तर टर्बोचे होस आणि एअर फ्लो सेन्सर तपासा, आणि काय सापडलं ते इथेच लिहा.