चवीपुरते सोडे

मटण सोडणं सोपं. मटण लपून बसत नाही. त्याचा वास जिन्यातच भेटतो, ताटात आलं की ते काय आहे हे कुणाला विचारावं लागत नाही, आणि एकदा मनाचा हिय्या करून ‘नको’ म्हटलं की विषय मिटतो. नव्या शाकाहारी माणसाचा घात करतात ते चवीपुरते घातलेले सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोलंबी.

आमचं घर मूळचं अलिबागकडचं, सीकेपी. आमच्याकडे भाजी ही सोडे घालायची जागा असते. वालाचं बिरडं, वांगी, खिचडी, अगदी पोहेसुद्धा. मी शाकाहारी झाले त्याला ना डॉक्टर कारणीभूत, ना कुणी गुरू. नकोसं झालं, एवढंच. पण ‘एवढंच’ हे कारण आमच्या घरात कुणाला पुरत नाही. आईने श्रावण आहे असं धरून सुरुवातीला निभावून नेलं. मग भाद्रपदात गौरी आल्या. आमच्या गौरीला तिखटाचा, म्हणजे मांसाहारी नैवेद्य असतो.

“देवीला चालतं,” आई म्हणाली, “आणि तू कोण लागून गेलीस?”

त्यानंतरचे आमचे संवाद साधारण असे:

“आई, यात सोडे आहेत?”

“वांग्याची भाजी आहे.”

“हो, पण वांग्यात सोडे आहेत का?”

“असून असून किती असणार? चवीपुरते.”

“मग मला नको.”

“अगं, तुझ्या वाटीतले काढलेत!”

सोडे काढले की रस्सा शुद्ध होतो, हे शास्त्र आईने कुठून आणलं कोण जाणे. आत्याचं शास्त्र आकारावर चालतं. तिच्या मते सुरमई मांसाहारी, बांगडाही मांसाहारी, पण कोलंबीच्या जातीचा जवळा? “इतका बारीक असतो गं तो!” म्हणजे जीव बोटांवर मोजता येईनासा झाला की तो मसाल्यात जमा. अंडं तर आत्याच्या हिशेबात बेकरीचा माल आहे.

घरच्यांपेक्षा सरकार बरं, असं म्हणून मी पाकिटांकडे वळले. पाकिटावर निदान खूण तरी असते. हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहार. मांसाहारालाही पूर्वी ठिपकाच होता, फक्त तपकिरी. पण रंगांध माणसांना या दोन ठिपक्यांतला फरक कळेना, म्हणून २०२० च्या नियमांनी तपकिरी ठिपक्याचा त्रिकोण केला. इथवर सगळं छान. पण मला नुसत्या ठिपक्यावर विश्वास ठेवता येईना (ज्या घरात ‘काढलेत’ हे सर्टिफिकेट चालतं तिथे वाढलेय मी), म्हणून मी मागची बारीक अक्षरं वाचायला लागले. दुकानात मोबाईलचा टॉर्च लावून उभी राहिले की दुकानदार लांबूनच ओरडतो, “मॅडम, एक्सपायरी पुढच्या वर्षीची आहे!”

त्या अक्षरांत घटकांच्या नावांऐवजी बऱ्याचदा नुसते आकडे असतात. ४७१ हा इमल्सिफायर, म्हणजे तेल-पाणी एकजीव ठेवणारा, तो वनस्पतीच्या तेलापासून होतो तसा प्राण्याच्या चरबीपासूनही होतो. ६३१ हा चव वाढवणारा, वेफर्स आणि नूडल्सच्या मसाल्यात हमखास सापडणारा. याच्याबद्दल मामा फॅमिली ग्रुपवर दर काही महिन्यांनी ‘६३१ म्हणजे डुकराची चरबी, सर्वांना पाठवा’ असा मेसेज टाकतो. मामा स्वतः डुकरासकट सगळं खातो, त्यामुळे त्याचा संताप नेमका कशाबद्दल हे आम्हाला कळलेलं नाही. ६३१ चरबी मुळीच नाही. ते मांसामाशांपासून काढता येतं आणि पिष्ट आंबवूनही बनवता येतं. पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर ते दुसऱ्या प्रकारचंच असायला हवं. हे मी ग्रुपवर लिहिलं, त्यावर मामाने नमस्काराचे दोन हात पाठवले.

परदेशातून येणाऱ्या खाऊला तर ठिपकाही नसतो. मावसभाऊ घेऊन येतो ते मऊ मऊ मार्शमॅलो जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांचे. लालचुटुक गोळ्यांवर १२० दिसलं तर तो रंग निवडुंगावर राहणाऱ्या कोचिनील नावाच्या किड्यांचा. मुलं त्या चघळत होती तेव्हा मी हे मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांना गोळ्या जास्तच आवडायला लागल्या.

मात्र मला खरं अडकवलं ते ९०४ ने. चकचकीत गोळ्यांवरची ती चमक लाखेची असते, आणि लाख म्हणजे झाडाच्या फांद्यांवर बसणाऱ्या किड्यांचा स्राव. पांडवांना जाळायला कौरवांनी ज्याचं घर बांधलं, ते मी चघळत होते! आता हे कशात मोडतं? आपल्या कायद्यात मांसाहाराच्या व्याख्येत किडेसुद्धा येतात, पण त्यातून दूध, मध, मधमाशीचं मेण आणि लाख वगळलीय. शिवाय कार्नोबाचं मेणही वगळलंय, जे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून काढतात. म्हणजे झाडालासुद्धा आपण मांसाहारी नसल्याचं लिहून घ्यावं लागलं. ही व्याख्या करणाऱ्या बैठकीला आत्या हजर असणार, अशी माझी खात्री आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, की पदार्थातला घटक कितीही थोडा असो, तो वनस्पतीचा की प्राण्याचा हे जाहीर करा. मला केवढा आधार वाटला! कितीही थोडा, म्हणजे त्यात चवीपुरतं आलंच. मी उत्साहाने आईला वाचून दाखवलं.

“दिल्लीला कुठे आलाय समुद्र,” आई म्हणाली.

बाहेर जेवायला जावं तर वेटरच्या ‘प्युअर वेज’मध्ये चिकनच्या पाण्याचं सूप येतं. व्हेज पास्त्यावर खरं इटालियन पार्मेझान चीज भुरभुरलं असेल तर त्याला वासराच्या पोटातल्या रेनेटचं विरजण लागतं, तिथल्या नियमातच तसं आहे. मग मी भाज्यांची थाई करी मागवली. तिच्या वाटणात सहसा आंबवलेली कोलंबी असते, असं नंतर समजलं. म्हणजे बँकॉकमध्येही कुणाची तरी आई चवीपुरते घालतेच.

औषधाच्या दुकानात मी विचारलं, “ही कॅप्सूल व्हेज आहे का?” कारण वरचं टरफल बहुतेक जिलेटिनचं असतं. दुकानदार म्हणाला, “ताई, ती जेवणानंतर घ्यायचीय. जेवण म्हणून नाही.”

थंडीत आत्याच्या वाडीवर पोपटी लागली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या कोवळ्या शेंगा, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेली मसाल्याची कोंबडी, आणि भोवती जाळ. या वेळी आत्याने माझ्यासाठी वेगळं, छोटं मडकं लावलं. त्यात फक्त शेंगा, बटाटे, रताळी, ओवा आणि मीठ. मी मडकं भरायला बसले होते, त्यामुळे जवळ्याला संधी नव्हती. मडकं फोडलं तसा असा काही वास सुटला की सगळी मंडळी आधी माझ्याच ताटाभोवती जमली. “बघू तरी तुझं ते घासफूस,” करत मामाने रताळी संपवली, मुलांनी शेंगा संपवल्या, आईने शेवटचा बटाटा सोलून मामाला दिला. मग आत्याने मोठ्या मडक्यातल्या शेंगांची परात माझ्यापुढे सरकवली.

“आत्या, या कोंबडीबरोबर शिजल्यात.”

“कोंबडी पानात होती. शेंगांना शिवलीसुद्धा नाही.”

“अगं, पण वाफ?”

“वाफेला कुठे हाडं असतात?”