‘स्पष्टवक्ता सोलापूरकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये औषध ठरवण्याआधी गाठीच्या तुकड्याची जनुक-तपासणी करा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया उडवली नाही, तशीच ठेवलीय. पण ‘लॅबवाल्यांची दलाली’? मुद्दा नसला की माणूस असे शब्द काढतो. फुप्फुसाच्या कॅन्सरचे ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) पंधरा वर्षं माझ्या हाताखालून जातायत, पाकीट अजून कुणाचं घेतलेलं नाही.

एक चूक मान्य. पेशींची वाढ चालवणाऱ्या ईजीएफआर जनुकातला एल८५८आर हा बदल एक्सॉन (जनुकाचा एक भाग) २१ मधला, मी १९ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय.

आता पीडी-एल१ (गाठीच्या पेशींवरचं प्रथिन, ते किती आहे बघून इम्युनोथेरपी म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध ठरवतात) याबद्दलचं तुमचं ते वाक्य: ‘पीडी-एल१ ७० टक्के आलं की इम्युनोथेरपी सुरू करा, ईजीएफआरसाठी तीन आठवडे कशाला थांबवता?’ अहो, ज्या कीनोट-०२४ अभ्यासावरून पीडी-एल१ ची ५० टक्क्यांची रेघ आली, त्यात ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांत बदल असलेले पेशंट घेतलेच नव्हते! ईजीएफआरवाल्या गाठीतही पीडी-एल१ भरपूर दिसू शकतं, पण इम्युनोथेरपी तिथे सहसा लागू पडत नाही. मग मागाहून ऑसिमर्टिनिब (ईजीएफआरमधल्या बदलावरची गोळी) द्यावं, तर आधीच्या औषधाचा असर अंगात असतोच आणि फुप्फुसाला सूज यायचा धोका वाढतो. तीच गोळी पहिल्यापासून दिली तेव्हा फ्लॉरा अभ्यासात निम्मे पेशंट ३८.६ महिन्यांपलीकडे जगले. जेफिटिनिब-एर्लोटिनिब या जुन्या गोळ्यांवर हाच टप्पा ३१.८ होता. पेशंट बेजार असेल तर पहिलं सायकल नुसत्या किमोचं देऊन रिपोर्टची वाट बघता येते. हे मूळ लेखात होतं. वाचायला हवं होतं की हो.

आणि तीन आठवडे काही मशीन खात नाही. एप्रिलच्या उन्हात तुकडा सलाईनमध्ये येतो, तोवर पेशी सडायला लागलेल्या. तुकड्याच्या दहापट फॉर्मलिन (पेशी टिकवणारं द्रावण), त्यात ६ ते ४८ तास, एवढंच तर सांगतो. मणक्यातला तुकडा हाड मऊ करायला ॲसिडमध्ये टाकतात, डीएनए तिथेच संपतो. त्याऐवजी ईडीटीए या सौम्य रसायनाला वेळ लागतो, पण डीएनए टिकतो. मग कॅन्सरचा प्रकार ओळखायला टीटीएफ-१ आणि पी४० या दोन मार्करवर भागत असताना ‘अजून एक मार्कर बघा’. दर वेळी ब्लॉक मायक्रोटोमवर (पातळ काप काढायच्या यंत्रावर) चढवला की सपाट करतानाच थोडा झिजतो, जनुक-तपासणीसाठी पुण्याला पोचेपर्यंत आत गाठ उरलेली नसते. रिपोर्ट येतो ‘नमुना अपुरा’. पुन्हा बायोप्सी, पुन्हा सुई. म्हणून पहिल्याच कापणीला दहा-बारा कोऱ्या स्लाइड काढून ठेवा म्हणतो.

खर्चाचं लिहिलंय, तो वेगळा विषय. रक्तातून ईजीएफआर बघायच्या तपासणीचं म्हणाल, तर पॉझिटिव्ह आली तर धरायची, निगेटिव्ह आली तर तुकडा लागतोच.

पुढच्या वेळी नाव घालून लिहा.