आप्पा, नातवंडं आणि दादांचे पिक्चर

दादा कोंडक्यांचा पिक्चर लहान मुलांसमोर लावायचा की नाही, यावरून या सुट्टीत आमच्या इंदिरानगरच्या घरात दोन तट पडलेत. एका बाजूला माझे सासरे, आप्पा. नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले, तरुणपणी सायकलवर डबलसीट गावात येऊन दादांचे पिक्चर पाहिलेले. दुसऱ्या बाजूला पुण्याहून आलेली नणंद. ती म्हणते, "वहिनी, अगं सगळं डबल मीनिंग असतं ते, पोरांसमोर कसं लावता?" आप्पा म्हणतात, आम्ही पाहिले, आम्ही काय बिघडलो? (यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत. मेथी निवडत राहिल्या.)

मला दोघांचंही पटत नाही, म्हणून इथे लिहितेय.

आधी सर्टिफिकेटचं. नणंदेचा सगळा भर "यू आहे का ए आहे" यावर. पण सोंगाड्या १९७१ चा, पांडू हवालदार १९७५ चा. तेव्हा सेन्सॉरकडे खाने दोनच. एकतर सगळ्यांना मोकळा, नाहीतर फक्त मोठ्यांना. मधलं यूए आलं १९८३ साली, आणि त्यात ७, १३, १६ अशी वयं घातली ती २०२३ च्या दुरुस्तीने. तरी यूए म्हणजे बंदी नव्हेच, आईबापांनी बघून घ्या एवढंच. म्हणजे फिरून निस्तरायचं आपणच.

आता डबल मीनिंग. दादांची वाक्यं सेन्सॉरच्या कात्रीतून सुटायची कारण त्यांचा एक अर्थ धुतल्या तांदळासारखा असायचा. दुसरा ऐकणाऱ्याने पदरचा घालायचा. आठ वर्षांच्या पोराच्या पदरात तो अजून पडलेलाच नाही. माझा धाकटा सोंगाड्या बघताना दादांच्या लोंबत्या नाडीला पोट धरून हसत होता. नाडी लोंबतेय, चड्डी आता सुटणार, झालं, एवढाच त्याचा विनोद. शेजारी आप्पा त्याच नाडीला त्याच क्षणी हसत होते, अर्थात वेगळ्या कारणाने. कोणाचं काही अडलं नाही. पोराला सगळ्यात आवडली ती रत्नमालांची "आये". ती खवळली की हा सोफ्यावर उड्या मारायचा.

आणि हे दादांनी काही घरी बसून काढलेलं नाही. गवळणीतली मावशी, बतावणी, सगळं तमाशातून आलेलं. वसंत सबनीसांच्या "विच्छा माझी पुरी करा" या लोकनाट्याने दादांना नाव मिळवून दिलं, सोंगाड्याची गोष्टही सबनीसांचीच. आपल्या जिल्ह्यात कुठल्याही जत्रेला जा, तमाशाच्या फडापुढे पहिल्या रांगेत पोरंच बसलेली असतात. त्यांना उठवायला कोणी जात नाही.

खरी पंचाईत आहे ती थोरलीची. यंदा आठवीत जाईल. तिला सगळं कळत नाही, पण निम्मं कळतं, आणि ते निम्मंच वाईट. पांडू हवालदारमध्ये उषा चव्हाणची पारू केळेवाली आली, केळ्यांवरून बोलणं सुरू झालं, आणि आमच्या बाईसाहेबांनी हळूच उशी मांडीवर ओढून मोबाईलमध्ये डोकं खुपसलं. कान लाल. आप्पा खो-खो हसतायत. त्यांना पत्ताच नाही की शेजारी बसलेल्या नातीला आता पळून जावंसं वाटतंय. मला विचाराल तर तिला तो विनोद घाण वाटला नव्हता. तो आपल्याला आजोबांदेखत कळला, याची लाज वाटली. हाच पिक्चर तिने मैत्रिणींबरोबर पाहिला तर त्या खिदळतील आणि पाणीपुरी खायला जातील. (आम्ही कॉलेज रोडच्या पोरी काय कमी खिदळलो?) मूल केवढं आहे हे बघाच, पण त्याच्या शेजारी कोण बसलंय हेही बघा.

आता ज्यावर माझा खरा राग आहे त्याबद्दल. नणंद ज्यांना "फॅमिली पिक्चर" म्हणते ते, ऐंशी-नव्वदच्या सालातले, सुट्टीच्या दुपारी टीव्हीवर लागणारे. चावट शब्द औषधालाही नाही. पण हिरॉइन नाही नाही म्हणतेय, हिरो बागेत तिच्यामागे लागलाय, ओढणी ओढतोय, आणि पुढच्या गाण्यात ती हसतेच. बायको उलटून बोलली की थोबाडीत, मग ती सुतासारखी सरळ. तोतरा आला की हशा, जाडी बाई आली की मागे ढोल. हे आठ वर्षांच्या पोराला पुरतं कळतं, त्याला पदरचं काही घालावं लागत नाही. आमच्या धाकट्याने असाच एक पाहिला आणि दुसऱ्या दिवशी बिल्डिंगखाली एका जाड मुलीला बघून तोंडाने ढोल वाजवला. ढुम्, ढुम्, तिच्या पावलागणिक. हे कुठल्या कोंडक्यांनी शिकवलं?

रात्रीच्या कॉमेडी शोचंही तेच. पुरुषाला साडी नेसवली की झाला विनोद. आमच्या फाळक्यांना १९१३ च्या "राजा हरिश्चंद्र" पिक्चरमध्ये काम करायला बायका मिळेनात म्हणून तारामतीचं काम साळुंक्यांना दिलं, ती गरज होती. आज कसली गरज आहे?

दादांचे सगळेच सोवळे, असं माझं म्हणणं नाही. नंतर नंतर तर काही पिक्चरांची नावंच अशी की पोरांसमोर उच्चारायची चोरी. त्यांत बाई म्हणजे नुसती बघायची वस्तू. ते मी लावणार नाही, आप्पा रुसले तरी. पण सोंगाड्यातली कलावती तमाशात नाचणारी बाई आहे आणि पिक्चर तिची टिंगल करत नाही. हसं होतं ते भोळ्या नाम्याचं, आणि तेही प्रेमाने.

तर सध्या आमच्याकडे असं ठरलंय. सोंगाड्या आप्पा आणि धाकट्याने हवा तेवढ्यांदा बघावा. थोरलीला आप्पांशेजारी बसवायचं नाही, बघायचाच असेल तर मैत्रिणींना बोलावून दार लावून बघावा. आणि ते "फॅमिली" वाले मी स्वतः बसल्याशिवाय लावायचे नाहीत. थोबाडीत बसली की मी मध्येच बडबड करते, पोरं वैतागतात. वैतागू देत.

नणंदेला यातलं काही पटलेलं नाही. तिने सोंगाड्या लागल्याबरोबर लेकाला आतल्या खोलीत नेऊन हातात टॅब दिला. तो त्यावर काय बघतोय, एवढंच मी विचारलं, तर चिडली.