चिठ्ठीवर नाव कशाला हवं?

परवा वाचनालयाच्या कमिटीची मीटिंग झाली आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाहीये, म्हणून लिहितेय. लांबण लागणार आहे, वेळ असेल तरच वाचा.

यंदा आमच्या व्याख्यानमालेत एक संध्याकाळ आम्ही गे आणि लेस्बियन लोकांचं आयुष्य आणि हक्क या विषयाला दिली होती. पुण्या-मुंबईत याचं आता कुणाला विशेष वाटत नाही, मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतोय, पुण्यात समपथिक ट्रस्ट २००२ पासून, पण आमचं पडलं तालुक्याचं गाव, इथे व्याख्यानमाला म्हणजे शिवचरित्र, मधुमेह आणि शेवटच्या दिवशी हास्यकवी. (मधुमेहाला सगळ्यात जास्त गर्दी, कारण फुकट शुगर तपासतात.) तरी लोक आले. खुर्च्या संपल्या, मागे सतरंजी घालावी लागली.

आधी वकीलबाई बोलल्या. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम इंग्रजांनी १८६० च्या पीनल कोडात घातलं, शिक्षा पार जन्मठेपेपर्यंत. २००९ ला दिल्ली हायकोर्टाने सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांना त्यातून सोडवलं, २०१३ ला सुप्रीम कोर्टाने परत अडकवलं, ६ सप्टेंबर २०१८ ला त्याच सुप्रीम कोर्टाने परत सोडवलं. म्हणजे एकच माणूस, त्याच घरात, त्याच माणसाबरोबर राहणारा, आणि दर चार-पाच वर्षांनी तो गुन्हेगार आहे की नाही हे बदलणार! पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी विचारलं, मग आता लग्न रजिस्टर होतं ना? नाही होत. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाचे पाचही न्यायाधीश म्हणाले की लग्न हा मूलभूत हक्क नाही, आणि निदान दुसरी काहीतरी कायदेशीर मान्यता द्यावी का, तर तेही तीन विरुद्ध दोन असं फेटाळलं गेलं. पुढे २०२४ मध्ये केंद्र सरकारने खुलासे काढले की अशा जोडप्यांना जॉइंट अकाउंट उघडता येईल, एकमेकांना नॉमिनी लावता येईल, रेशनकार्डासाठी एकाच घरातले धरावं. यावर बँकेतून रिटायर झालेले एक काका उठून म्हणाले, अहो ताई, जॉइंट अकाउंट तर कुणीही दोघं उघडू शकतात, मी आणि माझा साडू पण, मग यात नवीन दिलं काय? सगळे हसले. मला मात्र वाटतं त्या संध्याकाळचं सगळ्यात नेमकं वाक्य तेच होतं.

मग दुसरा वक्ता, एक गे मुलगा बोलला. तिशीतला, आयटीत, राहतो पुण्यात पण मूळचा आमच्याच भागातला. कायद्याचं एक अक्षर नाही. कळल्यावर वडिलांनी आधी डॉक्टरकडे नेलं, तिथून गोळ्या, मग देवऋषी, मग मुली दाखवणं. आता गणपतीत घरी येतो तेव्हा जोडीदार 'रूममेट' म्हणून येतो, आणि निघताना आई डबा देते तो दोघांचा देते, विचारत काहीच नाही. एवढं ऐकल्यावर आभार मानताना आमचे अध्यक्ष काका काय म्हणाले, तर 'अशा लोकांनाही समाजाने पदरात घ्यावं'. तो शेजारीच बसला होता हो!

पण खरा कार्यक्रम चिठ्ठ्यांचा झाला. मी बिस्किटाचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवला होता आणि सांगितलं होतं, नाव घालू नका, काहीही विचारा. २३ चिठ्ठ्या आल्या. हात वर करून प्रश्न विचारणारे फक्त दोघं, आणि ते दोघंही प्रश्न न विचारता भाषण करून बसले. चिठ्ठ्यांमध्ये काय नव्हतं! माझा मुलगा ३१ चा आहे, लग्नाला नको म्हणतो, तो तसा असेल का. होमिओपॅथीत औषध आहे का. (नाहीये, कारण आजारच नाहीये, जागतिक आरोग्य संघटनेने हे १९९० लाच यादीतून काढलंय, आणि 'बरं करून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरचं वागणं हे गैरवर्तन आहे असं नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ ला सांगितलंय.) तुमच्यात बायको कोण, हेही होतंच. आणि एक होती, दोघं पुरुष असले तर दिवस जाण्याची भीती नाही, मग कंडोम कशाला?

यावर कमिटी बिथरली. अश्लील म्हणे, बायका बसल्या होत्या म्हणे. मीही बाईच आहे आणि मला उलट बरं वाटलं, कारण ज्याने लिहिलं त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि त्या मुलाने दोन मिनिटांत, आवाज न चढवता न उतरवता सांगितलं की एचआयव्हीला दिवस जाण्याशी काही देणंघेणं नाही, कंडोम हवाच, आणि सिव्हिलमध्ये तपासणी फुकट होते. त्या दोन मिनिटांसाठी अख्खी व्याख्यानमाला वसूल.

तर परवा ठराव आला की पुढच्या वर्षीपासून प्रश्न आठ दिवस आधी द्यायचे, नाव आणि मोबाईल नंबर घालून, आणि त्यातले कमिटी निवडणार. मी म्हटलं, काका, र. धों. कर्वे आठवतात का? १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होते, वाचक पत्रं लिहून विचारायचे आणि ते उत्तरं द्यायचे. १९३४ चा त्यांच्यावरचा अश्लीलतेचा खटला याच उत्तरांवरून, त्यात हस्तमैथुन होतं आणि समलिंगी संबंधही होते. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचं म्हणणं साधं होतं, मासिकाचा विषयच लैंगिक शिक्षण आहे, तर लोक विचारणार, आणि विचारलं तर उत्तर द्यायलाच हवं. केस हरले, २०० रुपये दंड झाला. आमची मीटिंग बाबासाहेबांच्या फोटोखाली चालू होती, मी बोटही दाखवलं. काकांनी वर बघितलं आणि म्हणाले, चहा सांगा.

अजून एका चिठ्ठीबद्दल लिहायचंय. 'माझी मैत्रीण होती. चौदा वर्षं. तिचं लग्न करून दिलं. मी आता कोणाशी बोलू.' (आकडा मी बदललाय.) तो मुलगा वाचून गप्प झाला, मग म्हणाला, मावशी की ताई मला माहीत नाही, पण याचं उत्तर माझ्याकडे नाही, एखादी बाईच देऊ शकेल. खरंय. कोर्ट, ३७७, पोलीस हे सगळं पुरुषांच्या गोष्टीत येतं, बायकांचं प्रकरण घरातच मिटवतात. स्थळ बघतात, नाहीतर मिसिंगची कंप्लेंट करून पोरीला परत आणतात. २०२५ च्या मे महिन्यात मद्रास हायकोर्टाने अशाच एका, घरच्यांनी डांबून ठेवलेल्या मुलीला सोडवलं आणि सांगितलं की कुटुंब काही फक्त लग्नानेच होतं असं नाही. पण त्या मुलीसाठी कोर्टात जाणारी मैत्रीण होती. चौदा वर्षांनंतर एकटी उरलेली बाई कुठे जाणार? मुंबईत अशा बायकांचा 'स्त्री संगम' हा गट १९९५ ला सुरू झाला, आमच्या गावात ही एक चिठ्ठी. म्हणून मी ठरावाला विरोध नोंदवला, आणि पुढच्या वर्षी वक्ता बाईच हवी, लेस्बियन बाई, हेही लिहून घ्यायला लावलं. ठराव सध्या लटकलाय.

मीटिंग संपल्यावर कमिटीतले एक गृहस्थ जिन्यात थांबवून हळूच म्हणाले, वहिनी, ती मैत्रिणीवाली चिठ्ठी कुणाची हो, तुम्ही अक्षर ओळखत असाल ना? देवघेवीच्या काउंटरला बसून मला २६ वर्षं झाली, रजिस्टरमध्ये निम्म्या गावाचं अक्षर आहे. म्हटलं, नाही ओळखत. मग चिठ्ठ्या आहेत कुठे, असं विचारलं त्यांनी. त्याच रात्री बंबात घातल्या म्हटलं, तेवीसच्या तेवीस.